रिकामे राहण्यासाठी बांधलेली धरणे

पावसाळ्यात मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला धरणांच्या टक्केवारीची सवय असते. खडकवासला साखळीत किती पाणी जमा झाले, कोयनेत किती टीएमसीची भर पडली, जायकवाडीत आवक सुरू झाली की नाही, या आकड्यांवर शहरांचे पाणी आणि शेतीची आवर्तने ठरतात. धरण भरले की जलपूजन होते, खणानारळाने ओटी भरली जाते. भरलेले धरण म्हणजे निश्चिंती आणि रिकामे धरण म्हणजे संकट, हे समीकरण मनात इतके घट्ट बसलेले आहे की, रिकामे राहावे याच हेतूने कोणी धरण बांधत असेल, ही गोष्ट चटकन पटत नाही. अमेरिकेतील ओक्लाहोमा या राज्यात मात्र अशी दोन हजारांहून अधिक धरणे आहेत. मातीच्या भरावाची, शेता-कुरणांच्या मधोमध वसलेली, तीन-चार मजली इमारतीएवढी उंची असलेली ही धरणे. त्यांच्या पोटातील बहुतेक जागा वर्षातील बहुतेक दिवस मोकळीच असते. ती मोकळी असणे हेच धरण ठीक असल्याचे लक्षण.

या धरणांची कहाणी वॉशिटा नदीच्या खोऱ्यात सुरू होते. टेक्सासच्या उत्तर टोकाशी उगम पावणारी ही नदी ओक्लाहोमाच्या पश्चिम भागातून वाहत जाऊन रेड नदीला मिळते. तांबडी, सैल माती, उतार, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी कापूस व गव्हासाठी सरसकट नांगरलेली गवताळ जमीन, अशी या खोऱ्याची स्थिती होती. ३ व ४ एप्रिल १९३४ या दोन दिवसांच्या दरम्यान हॅमन या छोट्या गावाच्या परिसरात अवघ्या काही तासांत सुमारे ३५ सेंटिमीटर पाऊस कोसळला. नदीला आलेल्या लोंढ्यात १७ जणांचा मृत्यू झाला. त्याच दशकात याच प्रदेशाने धुळीची वादळेही पाहिली. पाऊस नसेल तेव्हा माती वाऱ्याने उडे आणि पाऊस आला की तीच माती पाण्याबरोबर वाहून जाई. ही दोन वेगवेगळी संकटे नसून एकाच दुखण्याची दोन रूपे आहेत, असे ह्यू हॅमंड बेनेट हे मृदाशास्त्रज्ञ सातत्याने सांगत होते. १९३५ साली अमेरिकी काँग्रेसने कायदा करून मृद्संधारण सेवा स्थापन केली आणि तिची धुरा बेनेट यांच्याकडे आली.

पुढच्याच वर्षी, १९३६ च्या कायद्याने पूरनियंत्रण हे संघराज्य सरकारचे काम ठरले. त्यात कामाची एक अर्थपूर्ण विभागणी होती. मोठ्या नद्यांवरील कामे लष्कराच्या अभियंता दलाकडे, तर ओढ्या-नाल्यांच्या मुखापर्यंतची, म्हणजे पाणलोटातील कामे कृषी खात्याकडे देण्यात आली. १९४४ च्या कायद्याने ११ पाणलोट क्षेत्रे निवडली गेली व त्यांत वॉशिटाचा समावेश झाला. महायुद्ध संपेपर्यंत प्रत्यक्ष काम हाती घेणे शक्य नव्हते. अखेर जुलै १९४८ मध्ये कॉर्डेल या गावाजवळ क्लाउड क्रीक या ओढ्यावरील पहिला बांध पूर्ण झाला. योगायोगाचा भाग असा की, त्याच महिन्यात भारतात दामोदर खोरे महामंडळ अस्तित्वात आले. टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर, मोठ्या धरणांनी पूर आवरण्याचा तो प्रयोग होता. क्लाउड क्रीकच्या बांधामागचा विचार नेमका उलट दिशेचा होता. पूर नदीत आल्यावर त्याच्याशी झुंजण्यापेक्षा तो ओढ्यातच लहान असताना थोपवावा, हा तो विचार.

थोपवावा म्हणजे अडवून ठेवावा असे नव्हे. या धरणाची सारी करामत या एका भेदात आहे.

एक उदाहरण घेतल्यास हिशेब स्पष्ट होतो. समजा एखाद्या बांधाच्या वरच्या अंगाला १० चौरस किलोमीटरचे पाणलोट क्षेत्र आहे आणि वळवाच्या जोरदार पावसातून ५ सेंटिमीटर पाणी जमिनीत न मुरता वाहून आले. हे पाणी होते ५ लाख घनमीटर, म्हणजे ५० कोटी लिटर. बांध नसेल तर ते साधारण तीन तासांत ओढ्यातून निघून जाईल. त्याचा सरासरी वेग सेकंदाला ४६ घनमीटर, आणि ऐन भरातील वेग त्याहून बराच अधिक. ओढ्याकाठची शेते, पूल आणि घरे वाहून जायला एवढे पुरेसे आहे. तेच पाणी सात दिवसांत सोडले तर प्रवाह सेकंदाला एक घनमीटरही भरत नाही. ओढा पात्रातच राहतो. पाणी तेवढेच, फक्त तीन तासांचे काम सात दिवसांवर वाटून दिलेले.

ही वाटणी करण्यासाठी या बांधाला ना दरवाजे असतात, ना ते उघडझाप करणारा कर्मचारी. तलावाच्या आत, भरावापासून थोड्या अंतरावर काँक्रीटचा एक उभा मनोरा असतो. त्याच्या ठरावीक उंचीवर पाणी आत शिरण्याची तोंडे असतात. मनोऱ्याच्या तळापासून भरावाच्या खालून एक नळ पलीकडे ओढ्यात निघतो. बहुतेक ठिकाणी त्याचा व्यास दोन-तीन फुटांच्या घरात. पाणी मनोऱ्याच्या तोंडापर्यंत चढले की आपोआप आत पडू लागते, आणि नळातून मावेल तेवढेच बाहेर जाते. पूर कितीही मोठा असो, नळाचा घास ठरलेला. उरलेले पाणी तलावात चढत राहते आणि पाऊस थांबल्यावर आठवडा-दहा दिवसांत उतरून जाते, की पुढच्या पावसासाठी जागा मोकळी.

मनोऱ्याच्या तोंडाखाली जे थोडे पाणी कायम राहते, ती जागा खरे तर पाण्यासाठी नसून गाळासाठी राखलेली असते. पन्नास वर्षांत किती माती वाहून येईल याचा अंदाज बांधून तिची खोली ठरवली जाते. तोवर तेथे जनावरांना पाणी मिळते, मासे वाढतात, बदके उतरतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने धरणाचा डोळ्यांना दिसणारा लाभ हाच. पूर आला नाही, हा लाभ डोळ्यांना दिसत नाही.

आणखी एक भाग राहिला. नळाला आणि तलावाला मिळूनही न पेलणारा पाऊस कधी तरी होणारच. पंचवीस वर्षांतून एकदा, शंभर वर्षांतून एकदा. त्या वेळी पाणी भरावाच्या माथ्यावरून जाऊ लागले तर मातीचे धरण तासाभरात कापले जाऊ शकते. म्हणून भरावाच्या एका टोकाला, मूळच्या टणक जमिनीत रुंद चर खोदून सांडवा काढतात. त्यावर काँक्रीट नसते, हिरवळ असते. दाट मुळांचे गवत वाहते पाणी किती वेगापर्यंत सोसते, हे ओक्लाहोमातील स्टिलवॉटर येथील कृषी खात्याच्या जलविज्ञान प्रयोगशाळेने प्रत्यक्ष चरांतून पाणी सोडून तपासले. पुराशी सामना करण्यासाठी गवतावर भिस्त ठेवणारे अभियंते ऐकायला विचित्र वाटतात. पण वर्षानुवर्षे कोरडा राहणारा सांडवा काँक्रीटने मढवण्याचा खर्च हजारो ओढ्यांवर परवडणारा नव्हता.

दरवाजे नसण्याचा लाभ महाराष्ट्रातील वाचकाला अधिक उमजेल. २००५ आणि २०१९ या दोन्ही वर्षी सांगली-कोल्हापूरच्या महापुरानंतर धरणातून विसर्ग केव्हा करायला हवा होता, किती करायला हवा होता, यावर मोठे वाद झाले. एकाच जलाशयाने उन्हाळ्यासाठी भरून राहावे आणि पुरासाठी रिकामेही राहावे, अशी अपेक्षा ठेवली की असे वाद अटळ असतात. दामोदर खोऱ्यातही पुरासाठी राखलेल्या जागेचे पुढे तेच झाले. आखलेल्या पातळीपर्यंतची जमीन संपादित न झाल्याने ती जागा पूर्ण वापरताच आली नाही. ओक्लाहोमाच्या बांधाला दुसरे मोठे कामच दिलेले नसल्याने त्याच्यापुढे हा पेच नाही. या कल्पनेचे पूर्वजही अमेरिकेतच होते. १९१३ च्या महापुराने डेटन शहर उद्ध्वस्त झाल्यावर ओहायो राज्यात मायामी नदीच्या खोऱ्यात मातीची पाच कोरडी धरणे बांधली गेली. ती १९२२ मध्ये पूर्ण झाली. अर्थर मॉर्गन या अभियंत्याची ती आखणी. ती धरणे आकाराने बरीच मोठी होती. वॉशिटाच्या खोऱ्यात तेच तत्त्व ओढ्याच्या मापाचे झाले.

१९५० च्या दशकात या लहान बांधांचा असा बोलबाला झाला की मोठी धरणे हवीतच कशाला, असा प्रश्न विचारला जाऊ लागला. एल्मर पीटरसन यांनी १९५४ मध्ये मोठ्या धरणांना मूर्खपणा ठरवणारे पुस्तकच लिहिले. त्याच वर्षी लूना लिओपोल्ड आणि थॉमस मॅडॉक या दोघा जलशास्त्रज्ञांनी या वादाचा अधिक थंड डोक्याने परामर्श घेतला. लहान बांधाचा गुण त्याच्या लगतच्या खालच्या पट्ट्यात खरा असतो. मात्र जसजसे खाली जावे तसतसे बांध नसलेले ओढे येऊन मिळत जातात आणि तो गुण विरत जातो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. ओढ्याकाठचे शेत लहान बांध वाचवू शकतो. शेकडो किलोमीटर खालचे शहर नाही. म्हणजे दोन्ही पक्ष आपापल्या ठिकाणी बरोबर होते आणि एकमेकांच्या ठिकाणी चूक. वादाचा निकाल काहीही असो, काँग्रेसने ऑगस्ट १९५४ मध्ये लहान पाणलोटांचा कायदा संमत केला आणि अडीच लाख एकरांपर्यंतच्या कोणत्याही पाणलोटाला ही योजना खुली झाली.

या कायद्यातील एक अट मुद्दाम नोंदवण्यासारखी आहे. बांधाच्या वरच्या अंगाच्या जमिनीपैकी किमान निम्म्या जमिनीच्या मालकांनी मृद्संधारणाची कामे करण्याचा करार केल्याशिवाय बांधाला मदत मिळत नसे. कारण उघड आहे. वरून माती येत राहिली तर पन्नास वर्षांसाठी राखलेली गाळाची जागा वीस वर्षांत भरेल. बांध सरकारी पैशाने होईल, पण त्याचे आयुष्य शेतकऱ्याच्या नांगरटीवर अवलंबून राहील, हे कायद्याने मान्य केले होते. जमीनही बहुधा संपादित केली जात नसे. मालकी शेतकऱ्याचीच राही. त्याने फक्त पाणी तुंबवण्याचा हक्क लिहून द्यायचा. संघराज्य सरकारने आराखडा आणि बांधकामाचा पैसा द्यायचा, आणि पुढची देखभाल स्थानिक मृद्संधारण मंडळाने करायची. आज ४७ राज्यांत मिळून अशी सुमारे ११,८५० धरणे आहेत. ओक्लाहोमा सर्वांत पुढे, त्याच्यामागे टेक्सास.

देखभाल हा शब्द कागदावर सौम्य दिसतो. प्रत्यक्षात ती न संपणारी लढाई असते. भरावावर झाड उगवू द्यायचे नाही, कारण झाड मेल्यावर कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला वाट मिळते. ओक्लाहोमात रानोमाळ पसरणारा तांबडा सिडार यासाठी कुप्रसिद्ध आहे. बिळे करणारे प्राणी शोधून बिळे बुजवायची. बीव्हर मनोऱ्याच्या तोंडाशी फांद्या रचून नळ बंद करतो, त्या काढायच्या. गुरांच्या पायवाटांनी भरावाला चर पडू द्यायचे नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भरावाखालून जाणाऱ्या नळावर लक्ष ठेवायचे. जुन्या काळात काही ठिकाणी नालीदार पत्र्याचे नळ वापरले गेले. ते गंजतात. गंजलेल्या नळाच्या कडेने पाणी झिरपू लागले की ते मातीचे कण बरोबर नेते आणि आत पोकळी वाढत जाते. बाहेरून धरण शाबूत दिसते. पायथ्याशी येणारे पाणी स्वच्छ असेल तर तो नेहमीचा पाझर. ते गढूळ झाले तर धरण आतून वाहून जात आहे असे समजायचे.

मातीच्या धरणाच्या या दुखण्याला देशांच्या सीमा नाहीत. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे धरण फुटले आणि पायथ्याची भेंदवाडी वाहून गेली. मृत आणि बेपत्ता यांची संख्या वीसपेक्षा अधिक होती. हे धरण पूरनियंत्रणाचे नव्हते, सिंचनाचे होते. पण भराव मातीचाच होता, आणि गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या. तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी या दुर्घटनेचे खापर खेकड्यांवर फोडले, तेव्हा राज्यभर त्याची थट्टा झाली. वास्तविक बिळे हा मातीच्या भरावाचा जुना, पाठ्यपुस्तकी शत्रू आहे. पण म्हणूनच ते कारण सांगून कोणाची सुटका होत नाही. बिळे शोधणे आणि बुजवणे हे देखभाल करणाऱ्याचेच काम असते.

महाराष्ट्रातील पाझर तलाव आणि हे अमेरिकी बांध दिसायला भावंडे आहेत. दोन्हींत मातीचा भराव, कडेला सांडवा, वर शेते. १९७२ च्या दुष्काळात रोजगारासाठी निघालेल्या कामांतून असे तलाव मोठ्या संख्येने झाले. हेतू मात्र परस्परविरुद्ध आहेत. पाझर तलावाने पाणी धरून जमिनीत मुरवायचे असते, त्यामुळे त्याला तळाशी नळ नसतो. चांगल्या पावसाच्या वर्षी तो श्रावणापर्यंत भरतो, आणि त्यानंतर येणारा लोंढा फारसा कमी न होता सांडव्यावरून पुढे जातो. त्यामुळे त्याच्याकडून पुरापासून संरक्षणाची अपेक्षा ठेवणे चुकीचे. धोका मात्र दोघांचा सारखाच. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना सरसकट, तर १० ते १५ मीटरच्या धरणांना काही अटींवर लागू होतो. त्याहून बुटका भराव त्या कायद्याच्या व्याख्येत येत नाही. फुटलेल्या पाण्याला ही व्याख्या ठाऊक नसते.

अमेरिकेत आज जो प्रश्न ऐरणीवर आहे, तो मात्र केवळ झिजण्याचा नाही. बहुतेक बांधांचे आयुष्य पन्नास वर्षांचे धरले होते. निम्म्याहून अधिक बांधांनी ती मर्यादा ओलांडली आहे. तरीही नीट राखलेला मातीचा भराव पन्नास वर्षांनी अचानक निकामी होत नाही. या काळात बदलले ते बांधाच्या खालचे जग. ओढ्याकाठी कुरण होते तेव्हा बांध फुटला असता तर कुंपण आणि थोडे पीक गेले असते. त्या हिशेबाने त्याला ‘कमी धोक्याचा’ ठरवून सांडवा बेताचा ठेवला गेला. मग बांधामुळे पूर येईनासा झाला, ओढ्याकाठची जमीन सुरक्षित वाटू लागली, आणि तेथे घरे आली. टेक्सासमध्ये डल्लासच्या भोवती, ट्रिनिटी नदीच्या पाणलोटात हे मोठ्या प्रमाणावर घडले. तेथील जिल्हा प्रशासनांना जमिनीच्या वापरावर निर्बंध घालण्याचे अधिकार फारच मर्यादित आहेत. घर घेणाऱ्याला मागच्या टेकाडापलीकडे धरण आहे हे अनेकदा माहीतही नसते. हिरवळीने झाकलेला भराव टेकाडासारखाच दिसतो.

धोक्याची ही श्रेणी धरणाच्या प्रकृतीवरून ठरत नाही, ते फुटल्यास कोणाचे काय जाईल यावरून ठरते. त्यामुळे भरावाचा एक खडाही न हलता ‘कमी धोक्याचे’ धरण एके दिवशी ‘अति धोक्याचे’ होते. आणि श्रेणी बदलली की निकष बदलतात. माणसे राहत असतील तर त्या प्रदेशात संभवणाऱ्या कमाल पावसाचा लोंढा पेलण्याइतका सांडवा हवा. शेतासाठी बांधलेले धरण वस्तीच्या कसोटीला उतरत नाही, यात त्याच्या मूळ अभियंत्यांची चूक नाही. ज्या पूर-सुरक्षेमुळे वस्ती आली, त्या सुरक्षेनेच धरणाला असुरक्षित ठरवले.

यावर उपाय आहेत, सगळे खर्चिक. भराव उंच करून सांडवा रुंद करणे, गवताच्या जागी काँक्रीटचे थर दाबून बसवणे, जुना मनोरा व नळ काढून नवे घालणे, गाळासाठी जागा वाढवणे. अथवा खालची घरे विकत घेणे. अथवा धरणच उतरवणे. पण तसे केले की १९४८ पूर्वीचा ओढा परत येतो, आणि त्याच्या काठी आता वस्ती आहे. २००० साली काँग्रेसने पुनर्वसनाचा कायदा केला. त्यानुसार खर्चाचा ६५ टक्के भाग संघराज्य सरकार उचलते, बाकी ३५ टक्के स्थानिक संस्थांनी उभा करायचा. पहिले नूतनीकरण ओक्लाहोमातच, वॉशिटाच्या खोऱ्यातील सार्जंट मेजर क्रीकवरील धरणाचे झाले. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात या कामासाठी ११ कोटी ८० लाख डॉलर वेगळे ठेवण्यात आले. सुमारे बारा हजार धरणांत ही रक्कम वाटली तर प्रत्येकी दहा हजार डॉलरही येत नाहीत.

पूर्ण नूतनीकरण म्हणूनच मोजक्या धरणांच्या वाट्याला येते, आणि अग्रक्रम खाली किती माणसे राहतात यावरून लागतो. उरलेल्यांचे भवितव्य मंडळाच्या नित्य कामावर अवलंबून आहे. सिडार कापणे, गवत राखणे, मनोऱ्याच्या तोंडाची जाळी साफ करणे, पावसानंतर पायथ्याशी जाऊन पाण्याचा रंग पाहणे. या कामांना ६५ टक्क्यांचा नियम लागू नाही. त्यासाठी लागणारा पैसा राज्य आणि स्थानिक पातळीवरच, दर वर्षी नव्याने मागावा लागतो.